रवाळ प्रकाश आणि रामन यांची नजर

लेझर पॉइंटरचा लाल ठिपका चुन्याच्या भिंतीवर टाकला की तो एकसारखा लाल दिसत नाही. तुपात रवा धरावा तसा तो रवाळ दिसतो. बारीक उजळ कण आणि त्यांच्यामध्ये तितकेच बारीक काळे कण. मान थोडी हलवली की हे कण भिंतीवरून सरकू लागतात. त्याच भिंतीवर बल्बचा किंवा टॉर्चचा उजेड टाकला तर यातले काहीच दिसत नाही. मग दोष कशाचा? भिंतीचा, पॉइंटरचा, की डोळ्यांचा? चाळिशी उलटलेल्या माणसाच्या मनात मोतीबिंदूची शंकाही येऊन जाते.

दोष कशाचाच नाही. या कणांना शास्त्रज्ञ ‘स्पेकल’ म्हणतात. १९६०मध्ये लेझरचा शोध लागला आणि दोनच वर्षांत प्रयोगशाळांमधल्या मंडळींनी या रवाळपणाची नोंद केली. तेव्हा तो सर्वांना नवा वाटला. प्रत्यक्षात त्याच्या ४० वर्षे आधी, लेझर कोणाच्या स्वप्नातही नसताना, कोलकात्यात एका भारतीय शास्त्रज्ञाने याच प्रकारचे कण स्वतःच्या डोळ्यात पाहिले होते आणि त्यांचे कारणही सांगितले होते. त्यांचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, पण ते वेगळ्या कामासाठी. ते म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांच्या आयुष्याकडे वळण्याआधी हे कण होतात कसे ते पाहू. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाताना किल्ल्याच्या तटाजवळचे पाणी कसे असते ते आठवावे. समुद्राकडून येणाऱ्या लाटा आणि तटाच्या वेड्यावाकड्या दगडांवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. जिथे दोन लाटांचे उंचवटे एकत्र येतात तिथे पाणी उसळते. जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो तिथे पाणी जवळजवळ शांत राहते. प्रकाशही लाटांचाच बनलेला आहे, फक्त त्या लाटा अतिशय लहान असतात. लाल लेझरच्या सुमारे १५०० लाटा एका मिलिमीटरमध्ये मावतात. डोळ्यांना सपाट वाटणारी भिंत या लाटांच्या मानाने डोंगरदऱ्यांचा मुलूख ठरते. भिंतीवरच्या प्रत्येक उंचवट्यावरून परतलेली लाट थोडे कमी-जास्त अंतर कापून डोळ्यात पोहोचते. दृष्टिपटलावर या हजारो लाटांची बेरीज होते. कुठे त्या एकमेकींना बळ देतात आणि उजळ कण दिसतो, कुठे एकमेकींना पुसून टाकतात आणि काळा कण दिसतो. यालाच व्यतिकरण म्हणतात.

बल्बच्या प्रकाशात हे होत नाही, असे नाही. पण त्यात सगळे रंग मिसळलेले असतात आणि त्याच्या लाटा क्षणोक्षणी आपली लय बदलतात. त्यामुळे कणांची नक्षी इतक्या झपाट्याने बदलते की डोळ्याला केवळ सरासरी उजेड जाणवतो. लेझरच्या लाटा मात्र एकाच रंगाच्या आणि कवायतीसारख्या एका तालात चालणाऱ्या असतात, म्हणून नक्षी टिकून राहते. लेझर नसताना अशी शिस्त मिळवायची तर प्रकाश अगदी लहान छिद्रातून सोडावा लागे आणि एकच रंग गाळून घ्यावा लागे. प्रकाश त्यामुळे फार मंद होई. एवढ्या मंद उजेडात काही दिसले तरी त्याची दखल घ्यायला डोळे तयार आणि मन चिकाटीचे लागते. रामन यांच्याकडे ही दोन्ही होती.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवनैकावल येथे झाला. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. त्यांच्या नोकरीमुळे रामन यांचे बालपण विशाखापट्टणमला गेले. मुलगा हुशार, पण प्रकृतीने किरकोळ. १९०४मध्ये, वयाची १६ वर्षेही पूर्ण झाली नसताना, ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून सुवर्णपदकासह बी.ए. झाले. तिथेच शिकत असताना आयताकृती फटीतून तिरका प्रकाश सोडला की कडेला उमटणारे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसतात, हे त्यांच्या लक्षात आले. यावरचा त्यांचा निबंध १९०६मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला. तेव्हा ते १८ वर्षांचे होते. इतरांनी उपकरणातली खोट म्हणून सोडून दिले असते ते थांबून पाहायचे, ही सवय तेव्हापासूनची.

अशा विद्यार्थ्याने विलायतेला जावे, असे त्यांच्या प्राध्यापकांना वाटत होते. त्यासाठी वैद्यकीय तपासणी झाली. मद्रासच्या सिव्हिल सर्जनने त्यांना तपासून, या तरुणाला इंग्लंडची हवा सोसणार नाही, असा निर्वाळा दिला. एका डॉक्टरच्या अभिप्रायाने विलायतेचा मार्ग बंद झाला. पुढे रामन यांनी या डॉक्टरचे उपकारच मानले. त्या काळी संशोधनावर पोट भरण्याची सोय भारतात नव्हती. म्हणून त्यांनी सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली आणि १९०७मध्ये कोलकात्यात सहायक महालेखापाल म्हणून ते रुजू झाले. त्याच सुमारास लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

कोलकात्यात बहुबाजार स्ट्रीटवर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था होती. ती स्थापन करणारे महेंद्रलाल सरकार हेही डॉक्टरच. भारतीयांनी स्वतःच्या बळावर विज्ञान करावे या ध्यासाने त्यांनी १८७६मध्ये ती उभी केली होती. पण संशोधन करणारा माणूस मिळाला नाही आणि उपकरणे धूळ खात पडली. डॉक्टर सरकार १९०४मध्ये वारले. त्यानंतर तीन वर्षांनी हा तरुण कारकुनी खात्यातला अधिकारी दारात येऊन उभा राहिला. पहाटे प्रयोग, मग दिवसभर कचेरीतले हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोग, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. मदतीला आशुतोष डे नावाचे एकच सहायक होते.

मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला आणि १९१०मध्ये नागपूरला झाली. नागपुरात संस्था नव्हती, म्हणून त्यांनी राहत्या घरीच प्रयोग मांडले. १९११मध्ये ते कोलकात्याला परतले. या काळात त्यांचे बरेचसे काम ध्वनीवर होते. मृदंग आणि तबला यांच्या पुडीवरची शाई ही शोभेची नसून, तिच्यामुळेच या वाद्यांतून इतर ढोलांसारखा नुसता आवाज न येता सूर निघतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. १९१७मध्ये कोलकाता विद्यापीठाने त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता. त्यांनी ते पद घेतले.

आता येते १९१९ साल. त्या वर्षी ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये त्यांचा डोळ्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय साधा होता. अंधाऱ्या जागी एखादा लहान पण प्रखर दिवा पाहिला की त्याभोवती मंद तेजोवलय दिसते आणि त्यात सुईसारख्या बारीक रेषा बाहेरच्या दिशेने पसरलेल्या दिसतात. हे सर्वांना दिसते, पण कोणी त्याकडे लक्ष देत नाही. रामन यांनी विचारले, की हे वलय हवेत नाही, दिव्यात नाही, मग ते आहे कुठे? ते डोळ्यातच असले पाहिजे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि आतले नेत्रभिंग काचेसारखे स्वच्छ वाटले तरी ते असंख्य सूक्ष्म पेशींचे आणि तंतूंचे बनलेले आहेत. दिव्याचा थोडासा प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. विखुरलेल्या या असंख्य लाटा दृष्टिपटलावर एकमेकींत मिसळतात आणि वलयात उजळ-काळोखी नक्षी उमटते. पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक रंगाचा कण थोडा वेगळ्या अंतरावर पडतो, निळा आत आणि तांबडा बाहेर, म्हणून कण लांबट होऊन रेषा दिसतात. एकाच रंगाचा प्रकाश वापरला तर रेषांच्या जागी ठिपके उरतात. लेझरच्या ठिपक्यातले कण आणि हे ठिपके एकाच जातीचे.

अशी नक्षी पाहणारे रामन पहिले नव्हते. व्हिएन्नाचे कार्ल एक्सनर यांनी १८७७च्या सुमारास काचेवर फुंकर मारून, त्या वाफाळलेल्या काचेतून मेणबत्तीकडे पाहिले होते. जर्मनीच्या माक्स फॉन लाउए यांनी १९१४मध्ये बारीक भुकटी पसरलेल्या काचेतून अशाच नक्षीचे छायाचित्र घेतले होते. रामन यांनी हाच विचार थेट माणसाच्या डोळ्याला लावला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांच्या १८८०च्या गणिताचा. असंख्य लाटा कोणत्याही ताळमेळाशिवाय एकत्र आल्या तर बेरीज काय होते, याचे ते गणित. सरासरी उजेड ठरावीक निघतो, पण एकेका जागी तो सरासरीच्या कितीतरी वर किंवा अगदी शून्याजवळ असू शकतो. रवाळपणाचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे.

दोन वर्षांनी याच रॅले यांचे एक मत रामन यांनी खोडून काढले, आणि त्या कामाचा कागद कोकणच्या किनाऱ्यासमोरून जगात गेला. १९२१च्या उन्हाळ्यात रामन विद्यापीठांच्या परिषदेसाठी ऑक्सफर्डला गेले होते. सिव्हिल सर्जनने वर्ज्य ठरवलेली इंग्लंडची हवा या वेळी सोसली. भूमध्य समुद्रावरून जाताना पाण्याच्या निळाईने त्यांना खिळवून ठेवले. समुद्र निळा दिसतो कारण त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते, असे रॅले यांनी सांगितले होते आणि जगाने ते मानले होते. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ बोटीवर रामन यांनी खिशातला निकॉल लोलक काढला. पाण्यावरून एका विशिष्ट तिरप्या कोनात परतणारा प्रकाश या लोलकातून पूर्ण अडवता येतो. आकाशाचे प्रतिबिंब अशा रीतीने पुसले तर समुद्र काळा दिसायला हवा होता. तो अधिकच गडद निळा दिसला. म्हणजे निळाई पाण्याच्या आतून येत होती. पाण्याचे रेणूच सूर्यप्रकाश विखुरत होते आणि त्यातला निळा भाग अधिक विखुरला जात होता.

बोट मुंबई बंदरात आली तेव्हा ‘नेचर’ या नियतकालिकासाठीचे त्यांचे टिपण तयार होते. त्यावर तारीख आहे २६ सप्टेंबर १९२१ आणि ठिकाण मुंबई बंदर. बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला खांदेरी आणि उंदेरी, आत घारापुरी आणि समोर उरण. आजचा रायगड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. या किनाऱ्यावर राहणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडेल. समुद्र आतून निळा असेल तर मांडव्याच्या लाँचमधून दिसणारे पाणी निळे का नाही? त्याचेही उत्तर याच विचारात आहे. अंबा, पाताळगंगा, कुंडलिका या नद्या आपल्या खाड्यांतून गाळ आणतात आणि भरती-ओहोटी तो सतत ढवळते. गाळाचे कण प्रकाशाच्या लाटांपेक्षा मोठे असतात. ते निळा-तांबडा असा भेद न करता सगळेच रंग विखुरतात आणि मातीचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. किनारा मागे टाकून खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमाराला मात्र रामन यांची निळाई दिसते.

समुद्राची निळाई आणि डोळ्यातले कण यांत नाते आहे. दोन्हीकडे असंख्य सूक्ष्म केंद्रांवरून प्रकाश विखुरतो आणि त्यांची बेरीज आपल्याला दिसते. पाण्याचे रेणू अगदी एकसारखे पसरलेले असते तर त्यांच्या लाटांनी एकमेकींना पुसून टाकले असते. रेणूंची गर्दी क्षणोक्षणी कुठे कमी, कुठे जास्त होते, म्हणून समुद्र निळा दिसतो. भिंत आरशासारखी गुळगुळीत असती तर लेझरचे कणही दिसले नसते. पदार्थातला अनियमितपणा दृष्टीला आडकाठी करत नाही, उलट तोच पदार्थाची माहिती देतो, हे सूत्र रामन यांनी त्यानंतर सोडले नाही.

कोलकात्याला परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांची फळी उभी केली आणि द्रव, वायू, स्फटिक अशा एकेका पदार्थातून प्रकाश कसा विखुरतो याचा सात वर्षे छडा लावला. विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाशिवाय एक अतिशय फिकट वेगळा रंग दिसे. द्रवातल्या अशुद्धतेमुळे तो येत असावा, अशी शंका होती. द्रव कितीही वेळा शुद्ध केला तरी तो रंग जाईना. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्या साथीने केलेल्या प्रयोगांतून निष्कर्ष पक्का झाला, की रेणूशी गाठ पडताना प्रकाशाचा काही भाग आपली ऊर्जा बदलतो आणि हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. हाच रामन परिणाम. काही शे रुपयांच्या साधनांवर केलेल्या या कामाला १९३०चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी ओळखण्यासाठी रामन परिणामाच्या वापराचा अभ्यास झाला आहे. तंबाखूमुळे होणाऱ्या या रोगाचे ओझे आपल्याकडे किती आहे हे सांगायला नको.

१९३३मध्ये रामन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. स्वभाव तापट आणि माघार घेण्याची सवय नाही. व्यवस्थापनाशी मतभेद विकोपाला गेले आणि १९३७मध्ये त्यांनी संचालकपद सोडले. प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८पर्यंत तिथेच राहिले. १९४२मध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकायला आलेला एक तरुण त्यांनी आपल्या विभागात ओढून घेतला. त्याचे नाव जी. एन. रामचंद्रन. रामन यांनी त्याला काम दिले ते १९१९च्या त्या जुन्या कोड्यावर.

रामचंद्रन यांनी काचेवर लायकोपोडियमची भुकटी पसरली. ही एका वनस्पतीच्या बीजाणूंची, सारख्या आकाराच्या कणांची भुकटी. औषधांच्या गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पूर्वी दुकानदार तिचा वापर करत. या काचेतून एकाच रंगाचा प्रकाश सोडून त्यांनी वलयाची छायाचित्रे घेतली आणि त्यातल्या कणांचा उजेड मोजून काढला. रॅले यांचे गणित तंतोतंत जुळले. अशा नक्षीत काळोखाच्या जागा सर्वाधिक असतात, आणि कण जितका अधिक उजळ तितका तो अधिक दुर्मीळ. हा निबंध १९४३मध्ये बंगळुरूच्या अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला. लेझर निघाल्यावर स्पेकलचे जे नियम नव्याने मांडले गेले त्यांतला गाभा त्यात होता. पण महायुद्ध चालू होते, नियतकालिक दूरचे होते, आणि या नक्षीचा कोणाला काही उपयोगही नव्हता. रामचंद्रन पुढे प्रथिनांकडे वळले आणि आपल्या त्वचेतल्या, हाडांतल्या कोलॅजेनची तिपेडी रचना उलगडून जगप्रसिद्ध झाले. कणांचे काम विस्मरणात गेले.

१९६२मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी लेझरच्या ठिपक्यातला रवाळपणा नोंदवला. आरंभी सर्वांनी त्याला उपद्रव मानले, कारण लेझरने घेतलेली प्रत्येक प्रतिमा त्यामुळे डागाळत होती. तो कमी कसा करावा याच्या खटपटीत बरीच वर्षे गेली. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की भिंत स्थिर असेल तर कण स्थिर राहतात आणि विखुरणारी वस्तू हलली तर कणही हलतात. रक्तपेशी सतत वाहत असतात. त्यामुळे रक्तवाहिनीवर लेझर टाकून छायाचित्र घेतले, तर जिथे रक्त वेगाने वाहते तिथले कण छायाचित्रात पुसट होतात आणि जिथे प्रवाह मंद आहे तिथले ठळक राहतात. १९८१मध्ये या तत्त्वावर डोळ्याच्या दृष्टिपटलातला रक्तप्रवाह दाखवण्याची पद्धत मांडली गेली. सुई नाही, रंगद्रव्याचे इंजेक्शन नाही, फक्त प्रकाश. आज भाजलेल्या त्वचेत रक्त किती फिरते आहे ते पाहण्यासाठी, मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणि काचबिंदूच्या अभ्यासात ती वापरली जाते. जो डाग पुसायचा होता तोच नाडी सांगू लागला.

सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत किंवा गर्भ नेहमी रवाळ दिसतो, त्याचे कारणही हेच आहे. तिथे प्रकाशाऐवजी ध्वनीच्या लाटा असतात आणि भिंतीऐवजी शरीरातले सूक्ष्म ऊतक. यंत्र जुने आहे किंवा तपासणी नीट झाली नाही, असा अर्थ त्यातून काढू नये.

डोळ्याचा नंबरही हे कण सांगतात. चष्मा काढून भिंतीवरचा लेझरचा ठिपका पाहावा. भिंत अंधुक होते, कण मात्र रेखीव राहतात, कारण ते भिंतीवर नसून दृष्टिपटलावर तयार झालेले असतात. आता मान हळूच उजवीकडे न्यावी. कण मानेबरोबर सरकले तर डोळा दूरदृष्टीचा, उलट दिशेने सरकले तर लघुदृष्टीचा. कण जागच्या जागी झिलमिलले तर त्या अंतरासाठी नजर ठीक. या तत्त्वावर डोळे तपासण्याचे प्रयोग लेझर आल्यानंतर लवकरच सुरू झाले होते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले तर कण मोठे दिसतात. हे सारे भिंतीवर परतलेल्या प्रकाशात पाहायचे. पॉइंटरचा झोत डोळ्यात, आरशावर किंवा चकचकीत भांड्यावर कधीही टाकू नये. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझरच्या प्रखर झोतांनी तरुणांच्या दृष्टिपटलाला कायमची इजा झाल्याची उदाहरणे राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिली आहेत.

लेझर आले तेव्हा रामन ७१ वर्षांचे होते. १९४८मध्ये स्थापन केलेल्या आपल्या संस्थेच्या बागेत आणि प्रयोगशाळेत ते रमले होते. १९५४मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले होते. या उतारवयात ते पुन्हा डोळ्याकडे वळले. रंगीत काच डोळ्यासमोर धरून उजळ पडद्याकडे पाहायचे आणि काच झटकन बाजूला करायची, की क्षणभर स्वतःच्याच दृष्टिपटलाचे चित्र पडद्यावर पसरलेले दिसते, असे त्यांनी दाखवले. फुले, रत्ने, पक्ष्यांची पिसे, सगळ्यांचे रंग त्यांनी नव्याने तपासले. १९६८मध्ये ‘द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन’ हा त्यांचा ग्रंथ आला. डोळ्यात तीन प्रकारच्या रंगपेशी असतात हा सर्वमान्य सिद्धांत त्यांनी त्यात नाकारला.

इथे मात्र ते चुकले. १९६४मध्येच अमेरिकेत दोन गटांनी एकेका रंगपेशीवर प्रकाशाचा सूक्ष्म झोत टाकून तीन वेगवेगळी रंगद्रव्ये मोजून दाखवली होती. १९६७चे वैद्यकाचे नोबेल ज्या दृष्टिसंशोधनाला मिळाले त्याची दिशाही तीच होती. रामन यांनी ते स्वीकारले नाही. ज्या हट्टाने त्यांनी बोटीवर रॅले यांच्या मतापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, त्याच हट्टाने त्यांना अखेरीस एकटे पाडले. फरक एवढाच, की १९२१मध्ये त्यांनी आपल्या नजरेची परीक्षा लोलकाने घेतली होती. १९६८मध्ये इतरांनी घेतलेली परीक्षा त्यांनी पाहायचे नाकारले. थोर माणसाचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवण्यात त्याचा सन्मान नाही.

१९७०च्या ऑक्टोबरअखेर ते प्रयोगशाळेत कोसळले. हृदय थकले होते. रुग्णालयात थोडे बरे वाटताच त्यांनी तिथे राहायला नकार दिला आणि ते आपल्या संस्थेत, आपल्या झाडांजवळ परतले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला विलायतेची हवा सोसणार नाही असे डॉक्टरांनी ठरवले होते, तो माणूस ८२ वर्षे जगला.

त्यांनी १९१९मध्ये जे सांगितले ते प्रत्येकाच्या डोळ्यात रोज घडते आहे. त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंधारात दूरच्या लहान दिव्याभोवती बारीक रेषांचे फिकट वलय दिसणे आणि भिंतीवरचा लेझर रवाळ दिसणे, ही निरोगी डोळ्याची लक्षणे आहेत. पण दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसू लागली आणि त्याबरोबर डोळा दुखू लागला, लाल झाला, डोके ठणकू लागले किंवा उलटी झाली, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यातला दाब वाढून बुबुळावरच्या पडद्यात पाणी साचते आणि त्यातून प्रकाश वेगळ्या प्रकारे विखुरतो. अशा वेळी उजाडण्याची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे, कारण काही तासांच्या विलंबाने नजर कायमची जाऊ शकते. वयानुसार दिव्याभोवती पांढुरका पसारा वाढत गेला तर मोतीबिंदूसाठी डोळे तपासून घ्यावेत. दिसते ते थांबून पाहणे आणि मग तपासून घेणे, या दोन्ही गोष्टी डोळ्यांना लागतात.